पानाची वेळ

प्रस्तावना

हुडकेश्वरच्या आमच्या घरात लोणच्याच्या बरणीची जागा ठरलेली आहे. स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या भिंतीत एक कोनाडा आहे. तिथे ऊन पोचत नाही आणि शेगडीची धगही लागत नाही. जूनमध्ये आई कैरीच्या फोडींना मीठ-मोहरी लावून बरणी भरायची, वर तेल सोडायची, तोंडाला दादरा बांधायची आणि सांगायची, "आता हिला हात नाही लावायचा." किती दिवस, ते मात्र सांगायची नाही. कधी वीस दिवसांनी, कधी महिना उलटल्यावर ती आपणहून दादरा सोडायची, एक फोड काढून चाखायची आणि म्हणायची, "मुरलं." त्या दिवसापासून ते लोणचे ताटात यायचे. तारीख कुठे लिहून ठेवलेली नसे, पण तिचा अंदाज चुकल्याचे मला आठवत नाही.

मुरणे हा आपल्या भाषेतला फार नेमका शब्द आहे. फळ पिकते, पाला कुजतो, दूध नासते, वरण विटते, पापड सादळतो. ही सगळी काळाचीच करणी, पण मुरण्याची जात वेगळी. मुरणारी वस्तू झाकलेली असते, कुणीतरी तिची राखण करत असते आणि आतल्या आत एकाचा गुण दुसऱ्यात उतरत असतो. त्याला वेळ लागतो, आणि वेळ भरली हे ओळखणारे माणूस लागते. या पुस्तकात मी पानाचे मुरणे शोधत गेलो आहे. पान म्हणजे तंबाखूचे पान, आणि आमच्या विदर्भात तंबाखू ज्यात गुंडाळतात ते तेंदूचे पान.

या शोधाची सुरुवात दोन वाक्यांपासून झाली. पहिले वाक्य मी लहानपणी ऐकले. माझे मामा तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे तोडलेले पान मोजून घेण्याच्या जागी, मुन्शी होते. हुडकेश्वरहून उमरेड रस्त्याला लागले की तोच रस्ता पुढे भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत गडचिरोलीकडे जातो. नागभीडच्या पुढच्या जंगलात उन्हाळ्याचे काही आठवडे मामांचा मुक्काम असे. एका सुट्टीत ते मला बरोबर घेऊन गेले. पहाटे एका झुडपापाशी थांबून त्यांनी एक पान माझ्या तळहातावर ठेवले, अंगठ्याने त्यावरून हात फिरवायला लावला आणि म्हणाले, "बापू, हे पान आज झालं. उद्या तोडाल तं जाडं होते."

दुसरे वाक्य अलीकडचे. परदेशी राहणाऱ्या एका नातेवाइकाने मला पंचवीस सिगारची लाकडी पेटी भेट दिली. मी धूम्रपान करत नाही, हे त्याला माहीत नव्हते. पेटी हातात देताना तो म्हणाला, "घाई करू नका. चार-पाच वर्षं ठेवलेत तर आणखी चांगले होतील."

एका पानाला एक दिवस थांबता येत नाही आणि दुसऱ्या पानासाठी पाच वर्षे थांबायचे. दोन्ही पाने शेवटी जळण्यासाठीच तोडलेली. मग थांबण्याचा हा हिशेब कोण ठरवते? पानाचा गुण, की ते ज्याच्या हातात आहे त्याची ऐपत? हा प्रश्न मनात राहिला आणि त्याच्या मागे मी बरीच वर्षे हिंडलो. त्या हिंडण्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवण्याआधी विषयाची थोडी ओळख करून देतो.

आधी सिगारविषयी सांगतो, कारण मराठीत त्यावर फारसे लिहिले गेलेले नाही. चिरूट हा शब्द मात्र आपल्याला जुना आहे. तमिळमध्ये गुंडाळण्याला, वळण्याला जो शब्द आहे त्यातून 'सुरुट्टु' आला, आणि त्याच शब्दाची वाट आपल्या चिरुटापर्यंत येते. तिरुचिरापल्ली आणि दिंडिगुल इथले चिरूट इंग्रजांच्या काळात बोटीने विलायतेला जात. तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांनी ती आपल्या किनाऱ्याला आणली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला असद बेग हा अकबराचा सरदार विजापूरच्या दरबाराहून परतताना बरोबर तंबाखू आणि ती ओढायची नळी घेऊन गेला आणि त्याने ती बादशहापुढे ठेवली, अशी नोंद त्याने स्वतः करून ठेवली आहे. उत्तरेत तंबाखू पोचली ती अशी आपल्या दख्खनमधून.

सिगारच्या पानाचा प्रवास लांबलचक असतो. पान तोडल्यावर हवेशीर कोठारात काठ्यांवर टांगून ठेवतात. दीड-दोन महिन्यांत ते हिरव्याचे पिवळे आणि पिवळ्याचे तपकिरी होते. मग पानांच्या जुड्या बांधून मोठे ढीग रचतात. ढिगात ओल आणि दाब असल्यामुळे आतून उष्णता वाढू लागते, पानांतली प्रथिने मोडतात आणि अमोनियाचा उग्र वास बाहेर पडतो. ढीग फार तापला तर पान जळाल्यासारखे होते, म्हणून कामगार आत हात घालून पाहतात आणि वेळेवर ढीग मोडून आतले पान बाहेर, बाहेरचे आत असा फिरवून रचतात. हे पुन्हा पुन्हा होते. त्यानंतर गाठोडी बांधून पान महिनोन्‌महिने, चांगले असेल तर वर्षानुवर्षे ठेवतात आणि मगच ते वळणाऱ्याच्या टेबलावर येते. म्हणजे सिगार तयार होतो तेव्हाच त्यातले पान बरेचसे मुरलेले असते. तरीही वळताना पानाला पुन्हा ओल द्यावी लागते, आणि त्या ओलीने आतली हालचाल परत सुरू होते. ताज्या सिगारला काही महिने अमोनियाची झाक राहते. ती जाईपर्यंत त्याला हात लावू नये असे जाणकार सांगतात.

एका सिगारमध्ये तीन प्रकारची पाने असतात: आतले भरण, ते बांधून धरणारे पान आणि वरचे दिसणारे वेष्टन. भरणातही झाडाच्या बुडाचे, मधले आणि शेंड्याकडचे अशी पाने मिसळलेली असतात. बुडाचे पान मवाळ आणि पटकन पेटणारे. शेंड्याचे पान जाड आणि तेलकट, कारण ऊन त्यालाच जास्त मिळते; ते कडक लागते आणि सावकाश जळते. मुरण्याचा खरा अर्थ इथे कळतो. वेगवेगळ्या पानांचा गंध वर्षानुवर्षे एकमेकांशेजारी राहून एकजीव होत जातो आणि शेंड्याच्या पानाचा कडकपणा ओसरतो. ज्यात असे कडक पान जास्त, तो सिगार दहा वर्षांनीही सुधारत राहतो. जो मुळातच मवाळ आहे, तो दोन-तीन वर्षांत जे द्यायचे ते देऊन टाकतो आणि पुढे नुसता फिका होत जातो. तेव्हा 'जितके जुने तितके चांगले' हा नियम इथे लागू नाही. तांदळाला एक वर्ष पुरते, चिंचेला थोडे जास्त चालते, तसेच हे.

आता नागपूरकराला पडणारा प्रश्न: हे सगळे आमच्या हवेत कसे टिकायचे? सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ अंशांच्या आसपासचे तापमान मानवते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली येते. जुलै-ऑगस्टमध्ये हीच हवा इतकी ओली होते की मिठाच्या बरणीत पाणी सुटते. मला मिळालेली पेटी मी पहिल्या उन्हाळ्यात कपाटात तशीच ठेवली. मे सरता सरता उघडली तेव्हा वरच्या ओळीतल्या दोन सिगारचे वेष्टन तडकले होते. बाकीच्यांना पावसाळ्यात पांढुरकी बुरशी धरली. ती पुसून काढावी लागली. तडकलेले दोन सिगार मी ब्लेडने उभे चिरले आणि आतली पाने कागदावर वेगळी मांडली. शेंड्याचे पान कोणते आणि बुडाचे कोणते हे तेव्हा मी बोटांनी ओळखायला शिकलो. मामांनी तेंदूच्या पानावर अंगठा फिरवायला लावला होता, तीच ही परीक्षा होती.

पेटीत ओल किती आहे हे सांगणारे छोटे यंत्र मिळते, पण ते खरे बोलते की नाही हे तपासायचे साधन आपल्या स्वयंपाकघरात आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते पाण्याने फक्त ओलसर करायचे आणि यंत्रासह एका घट्ट बंद पिशवीत काही तास ठेवायचे. ओल्या मिठाभोवतीची बंद हवा ७५ टक्क्यांवर येऊन स्थिरावते; उन्हाळा असो की हिवाळा, यात फारसा फरक पडत नाही. यंत्र ७५ दाखवत नसेल तर जितका फरक, तितकी त्याची चूक. लोणचे राखणारे मीठ आर्द्रतेचे मापही असे चोख देते, हे कळले त्या दिवशी मला फार आनंद झाला.

पेटीचे लाकूडही सांगण्यासारखे आहे. सिगारच्या पेट्यांसाठी वापरतात ते लाकूड आपल्याकडच्या तून वृक्षाच्या कुळातले. कडुनिंबही त्याच कुळातला. त्याचा मंद वास पानाला मानवतो आणि ते ओल शोषून हळूहळू परत देते. तरीही एक शत्रू पेटीत शिरतोच. दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी भुंगेरा पानात अंडी घालतो. उष्णता २४-२५ अंशांपलीकडे गेली की अळ्या बाहेर पडतात आणि सिगारला सुईच्या टोकाएवढी भोके पाडतात. हाच किडा साठवलेल्या हळदीला, धण्यांना आणि मिरचीलाही लागतो, त्यामुळे भिवापूरच्या मिरचीच्या व्यापाऱ्याला त्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. उपाय थंडीचा: सिगार घट्ट बांधून आधी फ्रिजमध्ये, मग काही दिवस बर्फाच्या कप्प्यात आणि परत येताना त्याच क्रमाने सावकाश बाहेर.

आणि शेवटचा, सगळ्यांत अवघड भाग: पेटवायचा कधी? जाणकारांची रीत अशी. पेटीच्या तळाशी बहुधा कारखान्याचा संकेत आणि पेटी भरल्याचा महिना-वर्ष छापलेले असते, ते आधी वहीत लिहायचे. पेटी आली की एक सिगार ओढून पाहायचा. मग सहा महिन्यांनी किंवा वर्षाने आणखी एक. प्रत्येक वेळी कडकपणा, गोडवा, शेवटच्या भागातला कडूपणा यांची नोंद करायची. चव वर चढत आहे तोवर थांबायचे. एकदा ती सपाट वाटली की उरलेले संपवायचे. यात एक अडचण आहे आणि ती कुणालाही चुकलेली नाही. मुरले की नाही हे चाखल्याशिवाय कळत नाही, आणि चाखावे तसे ते संपत जाते. सर्वांत चांगला सिगार कोणता होता, हे तो जळून गेल्यावर, पुढचा त्याच्याहून फिका लागल्यावरच कळते. बरणीतल्या लोणच्याचेही तेच असते. फरक इतकाच की आईला ते दरवर्षी करून पाहायला मिळत होते.

इथपर्यंत आलो आणि मला मामांचे वाक्य पुन्हा ऐकू येऊ लागले. सिगारचा शौकीन वाट पाहू शकतो, कारण त्याचे पोट त्या पेटीवर नाही. ज्यांचे पोट पानावर आहे त्यांची वेळ कशी चालते, ते पाहायला मी परत उमरेड रस्त्याला लागलो.

तेंदूला आमच्याकडे टेंभुर्णीही म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी झुडपे छाटली की नवी पालवी फुटते. तांबूस कोवळी पाने हिरवी होत जातात, आणि एप्रिलअखेरीपासून मे संपेपर्यंत कधीतरी ती तोडण्याजोगी होतात. एका जागी हा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवडे चालतो. कोवळे पान तोडले तर वाळून काळे पडते आणि चुरा होतो. जून पान जाड होते, वळताना मोडते. त्याआधी गारा पडल्या किंवा वळवाचा पाऊस आला तर पानावर डाग पडतात. म्हणून बाया-माणसे उजाडायच्या आत जंगलात शिरतात, ऊन चढेपर्यंत पाने घेऊन परततात आणि सावलीत बसून पुडे बांधतात. आपल्या राज्यात एका पुड्यात ७० पाने आणि अशा १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. संध्याकाळी फळीवर मोजणी होते. पुडे मोकळ्या जमिनीवर ओळीने मांडून उन्हात वाळवतात, मग उलटवून परत वाळवतात. पान पुरते वाळले की त्यावर पाणी शिंपडतात, म्हणजे ते नरम येते आणि गोणीत भरताना फुटत नाही. किती पाणी, हे हाताला कळते. कमी पडले तर गोणीत भुगा होतो. जास्त झाले तर बुरशी.

हे सगळे वाघाच्या जंगलात चालते. मोहफुलाच्या आणि तेंदूच्या हंगामात चंद्रपूर-गडचिरोलीत माणसे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. तरी उशीर करता येत नाही, कारण पानाची वेळ ठरलेली आणि या हंगामाच्या पैशावर पेरणीचे बी-बियाणे अवलंबून. १९६९ च्या कायद्याने या पानाचा व्यापार महाराष्ट्र सरकारच्या नियंत्रणात आला. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभांचा हक्क मान्य केला आणि अनेक ग्रामसभा स्वतः पान विकू लागल्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने तर हक्क मिळाल्यावर तेंदूपान तोडायचेच नाही असे ठरवले. छाटणीने आणि आगीने झुडपांची हानी होते, विडीने माणसाची होते आणि टेंभराचे फळ जंगलातल्या जिवांना व माणसांना हवे आहे, अशी त्यांची भूमिका. पान न तोडण्याची वेळ ठरवणारे गाव मला या सगळ्या प्रवासात एवढे एकच भेटले.

तंबाखूच्या पानासाठी मी निपाणीला गेलो. बेळगाव जिल्ह्यातला हा मराठी बोलणारा मुलूख विडीच्या तंबाखूसाठी नावाजलेला. रोपे पावसाळ्यात लावतात, शेंडा खुडतात म्हणजे झाडाचा जोर पानांत उतरतो, आणि माघाच्या सुमारास कापणी होते. पान शेतातच उन्हात वाळते आणि पहाटे दव पडून ते नरम असते तेव्हाच हलवतात, म्हणजे मोडत नाही. मग ते वखारीत येते. तिथे बाया ते कुटतात, चाळतात, निवडतात. ती धूळ छातीत जाते आणि डोक्यापासून पायापर्यंत अंगावर बसते. पानाची प्रत ठरवणारी नजर या बायांची असते, भाव ठरवणारे तोंड मात्र दुसऱ्याचे.

थांबण्याच्या ऐपतीचा धडा मला निपाणीने दिला. तंबाखू वखारीत पडून राहिली तरी तिचे बिघडत नाही. म्हणून व्यापारी थांबू शकतो. शेतकऱ्याच्या घरी मात्र कर्जाचा हप्ता असतो, लग्न असते, पुढचे पीक असते. त्याला विकावेच लागते. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथल्या तंबाखू उत्पादकांनी भावासाठी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. मार्चमध्ये सुरू झालेले ते आंदोलन एप्रिलपर्यंत चालले, पोलिसांचा गोळीबार झाला आणि शेतकरी मारले गेले. त्या वर्षी शेतकरी रस्त्यावर बसून राहिले, कारण बाजारात बसून राहणे त्यांना कधीच परवडले नव्हते.

तेंदूचे आणि तंबाखूचे, अशी दोन्ही पाने एकत्र येतात ती विडी वळणाऱ्या बाईच्या सुपात. कामठी, गोंदिया, भंडारा, सिन्नर, सोलापूर इथल्या हजारो घरांत हे काम होत आले. पाने भिजवून रात्रभर ओल्या कापडात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापायची, चिमूटभर जर्दा भरून वळायची, दोरा बांधायचा, तोंड मिटवायचे. मजुरी हजारावर. पानातली ओल उडायच्या आत ती वळून झाली पाहिजेत, म्हणून मे महिन्यात नागपूरच्या उन्हात हे काम घड्याळाशी झुंजत चालते. वळलेल्या विड्या मग शेकून कोरड्या करतात. सिगारला ओल हवी आणि विडीला कोरडेपणा. सादळलेली विडी पेटत नाही. पावसाळ्यात ओढणारा ती आधी बोटांत फिरवतो, फुंकर मारतो, मगच काडी ओढतो. सिगारच्या पेटीत पंचवीस, विडीच्या कट्ट्यातही बहुधा पंचवीसच. आपल्या संसदेने १९६६ मध्ये केलेल्या कामगार कायद्याच्या नावात तर विडी आणि सिगार शेजारी शेजारीच होते.

वळणाऱ्यांची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. क्युबातल्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून कामगारांना वर्तमानपत्र आणि कादंबरी मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस असे. केरळच्या विडी कामगारांमध्येही वाचून दाखवण्याची अशीच रीत होती. हात कामात आणि कान मोकळे, तेव्हा ते कान कशाला वाया घालवायचे? आमच्या कामठीत हेच मोकळे मन ओळखले ते बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९) यांनी. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांनी विडी कामगारांची संघटना बांधली, ठेकेदारांकडून होणाऱ्या पिळवणुकीविरुद्ध त्यांना उभे केले आणि १९३७ मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून गेले. पस्तिशी नुकतीच पुरी झाली असताना क्षयाने त्यांचे निधन झाले. ज्यांच्या वेळेला किंमत नव्हती अशा माणसांना त्यांनी आपल्या वेळेची किंमत मागायला शिकवले.

यातूनच या पुस्तकाची मांडणी सुचली. पुस्तकाचे पाच भाग केले आहेत आणि प्रत्येक भागाला वेळेच्या मापाचे नाव दिले आहे. 'दिवस' हा भाग तेंदूच्या तोडणीचा. 'आठवडा' वाळवण्याचा, वळण्याचा आणि शेकण्याचा. 'महिना' निपाणीच्या शेताचा आणि वखारीचा. 'वर्ष' सिगारच्या पेटीचा. या क्रमाने वाचले तर वेळ लांबत जाते, आणि ती लांबत जाते तसतशी वस्तू जास्त सुखवस्तू माणसाच्या हाती जाते. ज्याला सर्वांत कमी वेळ मिळतो त्याचा अंदाज सर्वांत अचूक असावा लागतो, हे मला सांगायचे आहे. सिगारच्या शौकिनाचा अंदाज एका वर्षाने चुकला तर एक सिगार फिका लागतो. जंगलातल्या बाईचा एका दिवसाने चुकला तर तिची मजुरी बुडते.

पाचव्या भागाचे नाव 'दशक'. तो लिहिणे मला सर्वांत जड गेले. तंबाखू पेटीत मुरते तशी ती माणसातही मुरते. पान जुने केल्याने त्यातला अपाय जात नाही. मुरण्याच्या काळात चवीचा कडकपणा ओसरतो, पण कर्करोगाला कारण होणारी काही द्रव्ये पान वाळवताना आणि आंबवतानाच त्यात तयार होतात. विडीत तंबाखू थोडी असली तरी तेंदूचे पान हवा कमी आत सोडते. विडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात, आणि धुरातले विष सिगारेटहून कमी भरत नाही. फुप्फुसाचा कर्करोग दिसायला वीस-तीस वर्षे जातात, म्हणून विशीतला ओढणारा निर्धास्त असतो. आमच्या नागपुरात आता विडीपेक्षा खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेले मिश्रण, जास्त चालतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. त्यांतले ओढणारे ३.८ टक्के आणि तोंडात धरणारे २४.४ टक्के, काही जण दोन्ही करणारे. हुडकेश्वरच्या कुठल्याही चौकात पानठेल्यापाशी पाच मिनिटे उभे राहिले की हे आकडे डोळ्यांना दिसतात.

माझे मामा कट्ट्यामागून कट्टा विडी ओढत. हजारो पुड्यांत एक जून पान शिरले तरी बोटाला कळणारा हा माणूस. त्यांना पहिल्यांदा खोकला लागला तेव्हा मामी म्हणाली, सोडा आता. ते म्हणाले, "पोळ्यापासून सोडतो." पोळा गेला. मग दिवाळीपासून, मग पाडव्यापासून. चार वर्षांत सगळे सण होऊन गेले. शेवटी इस्पितळात त्यांच्या उशाशी बसलो होतो तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि अंगठा माझ्या तळहातावरून सावकाश फिरवला, पान पाहतात तसा. ते काही बोलले नाहीत.

या पुस्तकासाठी ज्यांनी मला आपल्या अंगणात, फळीवर, वखारीच्या दारात बसवून घेतले, हातातले काम न थांबवता माझ्या प्रश्नांना उत्तरे दिली, त्या सगळ्या बायांचा मी ऋणी आहे. त्यांची नावे त्यांच्याच इच्छेवरून इथे दिलेली नाहीत. सिगारच्या वह्या मला वाचायला देणाऱ्या मित्रांचेही आभार. त्यांच्या नोंदींतला बारकावा 'वर्ष' या भागात जागोजागी दिसेल. माझ्याकडच्या पेटीत अजून तेवीस सिगार आहेत. ते मुरले का, असे मला पुष्कळ जण विचारतात. मुरले असतील. मी ते पान ओळखायला ठेवले आहेत, पेटवायला नाहीत.

वाचकाने पुस्तक कुठूनही उघडावे, पण जमल्यास 'दिवस' पासून सुरुवात करावी. तिथे पहाटेच्या उजेडात एक बाई झुडपापाशी उभी आहे आणि पान तोडायचे की ठेवायचे हे ठरवायला तिला एक क्षण मिळाला आहे. आणि ज्याच्या खिशात कट्टा किंवा खर्ऱ्याची पुडी आहे, त्याने सोडायची वेळ कोणती असे विचारले, तर माझ्यापाशी मामांनी पानाबद्दल दिलेले उत्तर आहे. स्वतःबद्दल ते त्यांना देता आले नाही, म्हणून त्यांच्या वतीने मी ते इथे लिहून ठेवतो: आज.

हुडकेश्वर, नागपूर